अरुंद, गोल टोकांची देवनागरी आणि आपल्या बेळगावच्या पाट्या

अक्षरवेडा (धागाकर्ता)

मंडळी, गणपत गल्ली, खडेबाजार, मारुती गल्ली, कुठंही मान वर करून चाला आणि फक्त पाट्या बघा. २०२४ च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात पाटीचा ६० टक्के भाग कन्नड आणि तोही वरचा, असा नियम झालाय. त्या नियमावर वाद घालायला इथं वेगळे धागे आहेत, तिथं मीही लिहितो. या धाग्यात मला उरलेल्या ४० टक्क्यांबद्दल बोलायचंय. मराठी त्या जागेत कशी बसते, आणि कशी बसायला हवी.

आत्ता बसते ती दाबून. कोरेलमध्ये (पाट्या आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये) नेहमीचा जाड फॉन्ट घ्यायचा, उजवी कड धरून आत ढकलायची, नाव मावलं की काम झालं. पण असं ढकलल्यावर अक्षराचं काय होतं ते बघा. रुंदी ७० टक्के केली की उभा काना ७० टक्के जाडीचा उरतो आणि शिरोरेषा आडवी असल्यामुळं होती तेवढीच जाड राहते. देवनागरीत बहुतेक अक्षरांना काना आहे, म्हणजे सगळा शब्द वरून जड आणि खालून किडकिडीत होतो. लांबून बघितलं की आधी शिरोरेषेचा पट्टा दिसतो, अक्षरं नंतर. रोमन लिपीत शिरोरेषा नाही, त्यामुळं तिथं हा दोष एवढा बोचत नाही. आपल्याकडं तो पहिल्या नजरेत दिसतो.

मुळातूनच अरुंद काढलेलं अक्षर वेगळं असतं. त्यात कान्याची जाडी राखलेली असते आणि शिरोरेषा त्याच्या बेतानं पातळ केलेली असते. ‘क’ची दोन्ही पोटं सारखी न दाबता डावं थोडं जास्त आत घेतलेलं असतं. ‘ळ’ घ्या, ‘बेळगाव’ लिहायचं तर त्याच्याशिवाय गत्यंतर नाही. रुंद फॉन्टात त्याची दोन वेटोळी आडवी पसरतात, अरुंद फॉन्टात ती उभट अंडाकार करावी लागतात. ‘ण’, ‘श’, ‘झ’, ‘फ’ या पसरट अक्षरांचा प्रत्येकी स्वतंत्र विचार करावा लागतो. ढकलण्यात यातलं काहीच होत नाही.

आता गोल टोकं कशासाठी? माझं मत असं की कन्नडशेजारी बसायचं असेल तर गोल टोकाचं, एकसारख्या जाडीचं अक्षर सगळ्यात छान बसतं. कन्नड अक्षर सगळं वळणाचं. त्याच्याखाली चौकोनी कापलेल्या टोकांची देवनागरी परकी वाटते, एकाच दुकानाच्या दोन वेगवेगळ्या पाट्या चिकटवल्यासारखी. टोकं गोल केली की काना उभाच राहतो, पण त्याचा कडकपणा जातो.

तुम्ही काय वापरता, काय दिसतं, काय खटकतं, सविस्तर लिहा.

कोरेलवाला

अण्णा, विषय काढलासा ते बरं झालं. मी रोज हेच करूलालोय. गिऱ्हाईक येतंय, म्हणतंय नाव मोठ्ठं कर, खरं दोन फुटात बसव. वर कन्नड, खाली मराठी, बाजूला इंग्लिश, त्यात मोबाईल नंबर, त्यात देवाचा फोटो. मी ढकलू नको तर काय करू?

तरीबी एक सांगतो, गोल टोकाचा फायदा मला कामात दिसलाय. विनाइल प्लॉटरवर (चिकटकागद कापायच्या मशीनवर) कापलेलं अक्षर चौकोनी कोपऱ्याचं असलं की उन्हापावसात पहिला कोपराच उचलतोय. धूळ शिरते, मग वारा लागला की सगळं पान सोलतंय. गोल टोक असलं की उचलायला कोपराच नसतोय. गाडीच्या काचेवर, दुकानाच्या काचेच्या दारावर नाव घालायचं असलं तर मी गोलच फॉन्ट घेतो.

अडचण अशी हाय की माझ्याकडं श्रीलिपीतले जुने फॉन्ट हैत आणि कन्नडसाठी नुडी आणि बरह. मराठी एका घराण्याची, कन्नड दुसऱ्या. मेळ बसायचा कसा? तुम्ही नाव सांगा, मी घालून बघतो.

खानापूरची बाई

मी प्राथमिक शाळेत शिकवते, म्हणून माझी शंका वाचण्याबद्दल आहे. जाड आणि गोल अक्षरात ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत गल्लत होते. ‘ध’ आणि ‘भ’ यांच्या डोक्यावर जी मोकळी जागा आणि वळण असतं, तेवढ्यावरच त्यांची ओळख अवलंबून आहे. अक्षर जाड केलं की ती जागा बुजते, अरुंद केलं की आणखी बुजते, आणि गोल केलं की उरलेलं वळणही गुळगुळीत होतं. मुलं तर चुकतातच, चाळिशी लागलेली माणसंही चुकतात. ‘ख’चंही तसंच. त्याचा ‘र’ आणि ‘व’ खाली नीट जोडलेला नसला तर ‘रव’ दिसतो, आणि जास्त जोडला तर आतली पोकळी भरून काळा ठिपका होतो.

पाटीवर दोनतीन शब्द असतात, तिथं चालेल. पण परवा शाळेच्या सूचनेचं पूर्ण पान कुणीतरी असल्या अक्षरात छापून आणलं. मी ते परत पाठवलं. सलग मजकूर वाचायला डोळ्याला रुंदी लागते, अक्षराअक्षरात हवा लागते.

अक्षरवेडा

ताई, अगदी बरोबर, आणि मी हेच म्हणणार होतो की हे अक्षर मथळ्याचं आहे, पाटीचं आहे, लेबलाचं आहे. परिच्छेदाचं नाही. ‘ध’–‘घ’ची तुम्ही सांगितलेली खूण फॉन्ट निवडताना पहिली तपासायची. मी कुठलाही जाड फॉन्ट बघताना ‘धनगर घाट, भीमा, मेघा, खडेबाजार’ असं काहीतरी लिहितो, छोटं करून रस्त्याच्या पलीकडून दिसेल एवढं ठेवतो आणि वाचतो. ज्यात ‘ध’चं डोकं मोकळं राहतं तोच घ्यायचा.

त्याच कारणानं सगळ्यात जाड वजन (म्हणजे फॉन्टाच्या जाडीची पायरी) कधीच घेऊ नये. अरुंद अक्षरात जाडी वाढवायला जागा फक्त आतल्या पोकळीतून मिळते. एक पायरी कमी जाड घेतलं तर लांबून उलट जास्त ठळक दिसतं, कारण आतला पांढरा शाबूत राहतो.

उद्यमबाग

मी सगळी हयात ड्रॉइंग ऑफिसात काढली, म्हणून या अक्षराची दुसरी बाजू सांगतो. संगणक येण्याआधी आम्ही ट्रेसिंग पेपरवर शाईच्या पेनानं आणि प्लास्टिकच्या स्टेन्सिलनं अक्षरं घालायचो. पेनचं टोक म्हणजे बारीक गोल नळी. त्यामुळं रेघ जिथं सुरू होते आणि जिथं संपते तिथं ती आपोआप गोल होते. कुणी सौंदर्यासाठी गोल केलेली नव्हती. त्याचं जागतिक प्रमाण आहे, आयएसओ ३०९८. अक्षराची उंची २.५, ३.५, ५, ७, १०, १४, २० मिलिमीटर अशी ठरलेली. प्रत्येक उंची मागच्या उंचीच्या साधारण १.४ पट, म्हणजे कागद एका आकारानं लहान केला तरी अक्षर पुढच्या प्रमाणात बरोबर बसतं. रेघेची जाडी उंचीच्या एक चौदांश किंवा एक दशांश. ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या चौकटीत पार्टचं नाव, मटेरियल, माप, सगळं कोंबायचं असायचं, म्हणून अक्षर अरुंदच सोयीचं.

जर्मनीचं डीआयएन १४५१ हे १९३६ चं प्रमाणही याच इंजिनिअरिंगच्या विचारातलं. त्यात एक मध्यम रुंदीचं आणि एक मुद्दाम अरुंद केलेलं अक्षर होतं, रस्त्याच्या पाट्यांवर गावांची लांब नावं मावावीत म्हणून. त्याची टोकं सरळ कापलेली, पण आकार तोच, कंपास–पट्टीतून आलेला. त्याच्यावरून पुढं गोल टोकांचे डिजिटल फॉन्टही निघाले.

आणि आपल्या फाउंड्र्यांचं विसरू नका. बेळगावच्या कास्टिंगवर उठावाचं अक्षर किंवा नंबर असतो तो बघा. पॅटर्नवरच्या (वाळूचा साचा ज्यावरून करतात त्या नमुन्यावरच्या) अक्षराला धार ठेवली तर पॅटर्न काढताना वाळूचा कोपरा तुटतो आणि अक्षर फुटकं येतं. म्हणून पॅटर्नमेकर अक्षराच्या कडा गोल आणि उतरत्या ठेवतो. पंपाच्या बॉडीवर जागा कमी, म्हणून अक्षर अरुंद. तुम्ही जो फॉन्ट शोधताय तो या गावात लोखंडात आधीपासून आहे, फक्त रोमन लिपीत.

अक्षरवेडा

काका, हे मला फार मोलाचं वाटलं. म्हणजे गोल टोक हे हत्यारातून आलेलं आहे, पेनमधून, वाळूमधून, राउटर या कापायच्या मशीनच्या फिरत्या बिटातून. त्यामुळं ते खोटं वाटत नाही. देवनागरीचं जुनं हत्यार बोरू. त्याचं टोक तिरकं कापलेलं, म्हणून आपली छापील अक्षरं जाड–बारीक होत गेली. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचा टाइप आपण अजून देखणा मानतो तो त्या बोरूच्या वळणामुळं.

निपाणीकर

तोच माझा आक्षेप. बोरूचं सगळं सौष्ठव घालवून आपण एकाच जाडीच्या नळीची अक्षरं करायची आणि त्याला आधुनिक म्हणायचं? मिठाईचं दुकान, लहान मुलांचे कपडे, आइस्क्रीम, ठीक आहे. पण वकिलाच्या दारावर, डॉक्टरांच्या पाटीवर, वाचनालयावर हे फुगीर गोल अक्षर मला पोरकट वाटतं. निपाणीत आमच्याकडं विडीच्या बंडलांच्या लेबलांवर काय सुंदर जाड–बारीक अक्षरं असायची. एवढ्याशा कागदावर नाव, कारखाना, चित्र, सगळं बसायचं आणि कुठं दाटी वाटायची नाही.

दुसरं म्हणजे सगळ्याच दुकानांनी एकच फॉन्ट घेतला तर गल्लीचा चेहरा जाईल. पेंटरच्या हाताच्या पाट्यांमध्ये दोन दुकानांचा ‘श्री’ कधी सारखा नसायचा.

अक्षरवेडा

निपाणीकर साहेब, पेंटरच्या पाटीचा मी तुमच्याइतकाच भक्त आहे. पण पेंटरनं तरी काय केलं? त्याचा ब्रशही कित्येकदा गोल टोकाचाच असायचा, आणि फळी लहान, नाव लांब असलं की तो अक्षर अरुंद काढायचा. ढकलायचा नाही, काढायचा. कान्याची जाडी तो डोळ्यानं सांभाळायचा. आज ते कसब फॉन्ट काढणाऱ्याकडं गेलंय आणि पाटी करणाऱ्याच्या हातात फक्त कड ओढायचं बटण राहिलंय. म्हणून नीट काढलेला फॉन्ट हवा.

फुगीरपणाबद्दल तुमचं पटतं. गोल टोक आणि फुगीर अक्षर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मध्यम वजनाचं, अरुंद, टोकं जरा गोल केलेलं अक्षर डॉक्टरांच्या पाटीवरसुद्धा शांत दिसतं. जाडी वाढली आणि पोटं फुगली की ते मिठाईच्या दुकानाचं होतं. वाचनालयासाठी मात्र मीही बोरूच्या वळणाचंच अक्षर घेईन.

शहापूरचा अण्णा

माझी घरची भाषा कन्नड, शाळा मराठी, दोन्ही लिप्या रोज हातात. एक मुद्दा कुणी काढला नाही म्हणून लिहितो. फॉन्टापेक्षा मोठी मारामारी दोन ओळींच्या मधल्या जागेत होते.

कन्नडमध्ये जोडाक्षराचा दुसरा भाग खाली लटकतो, त्याला आम्ही ओत्तक्षर म्हणतो. मराठीत वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार डोक्यावर बसतात. आता कन्नड वर आणि मराठी खाली. ‘महालक्ष्मी वस्त्र भांडार’ हे नाव घ्या. कन्नडमध्ये ‘क्ष्मी’च्या खाली दोन ओत्तक्षरं येतात, ‘स्त्र’च्या खालीही तेच. त्याच्या बरोबर खाली मराठीच्या ‘क्ष्मी’ची वेलांटी उभी. दोन्ही एकमेकांत घुसतात. मग पाटी करणारा मराठी ओळ लहान करतो, आणि लोकांना वाटतं मराठीला मुद्दाम बारीक केलं. कित्येकदा कारण एवढंच असतं.

आणि कन्नड अक्षर अरुंद करायला जाऊ नका. आमच्या अक्षरांच्या डोक्यावर तलकट्टु (बरोबरच्या खुणेसारखं वळण) असतो, तो आणि खालचं पोट दोन्ही आडवे वाढतात. दाबलं की पोट चिमटतं आणि दोन अक्षरं एकसारखी दिसायला लागतात. कन्नडला तिची रुंदी द्या, वरचा ६० टक्के भाग तिला आहेच. काटकसर देवनागरीत करा, ती उभी लिपी आहे, तिला ते झेपतं.

खानापूरची बाई

अण्णा, हे तुम्ही फार नेमकं सांगितलंत. दोन्ही लिप्या येणाऱ्या माणसानंच हे सांगावं.

अक्षरवेडा

अण्णांच्या मुद्द्यावरून मी आकडेमोड मांडतो, कारण माझा सगळा आग्रह इथं येऊन ठेपतो.

पाटी १० फूट रुंद, ३ फूट उंच धरा. वरचे ६० टक्के म्हणजे २१.६ इंच कन्नड. खाली १४.४ इंच. आत्ता बहुतेक जण या १४.४ इंचांत मराठीखाली इंग्रजी अशा दोन ओळी घालतात. एकेक ओळ सात इंच. देवनागरीत वरच्या मात्रा आणि खालचे उकार धरले तर ओळीच्या साधारण निम्मी उंचीच शिरोरेषा ते पायरेघ या मूळ अक्षराला मिळते. म्हणजे अक्षर साडेतीन इंचांचं. दहा फूट रुंदीत ते अक्षर मधोमध हरवून बसतं, दोन्ही बाजूंना मोकळं रान.

त्याऐवजी मराठी आणि इंग्रजी शेजारी शेजारी घ्या. डावीकडं साडेपाच फूट मराठी, उजवीकडं चार फूट इंग्रजी, बाकी समास. ओळ एकच. वरखाली समास सोडून १२ इंच मिळाले तर मूळ अक्षर सहा इंचांचं होतं. उंची जवळजवळ पावणेदोन पट. लांबून वाचता येणं उंचीवर ठरतं, त्यामुळं समोरच्या फुटपाथवरून दिसणारं नाव आता चौकातून दिसेल. पण ‘महालक्ष्मी वस्त्र भांडार’ सहा इंच उंचीनं नेहमीच्या रुंदीत लिहिलं तर माझ्या अंदाजानं सव्वासहा–साडेसहा फूट लागतात. साडेपाच फुटांत ते थोडी मोकळीक ठेवून बसवायला ८० टक्के रुंदीचं, तसंच काढलेलं अक्षर लागतं.

अरुंद अक्षराचा उपयोग इथं आहे. कमी जागेत जास्त शब्द कोंबायला ते घेतलं तर पाटीची वर्तमानपत्राची जाहिरात होते. उंची राखायला घेतलं तर मराठी ताठ उभी राहते.

आणि ओत्तक्षर–वेलांटीची टक्करही सुटते, कारण मराठी ओळ डावीकडं सरकल्यामुळं तेच अक्षर त्याच अक्षराखाली येत नाही. तरी मध्ये दोन बोटं जागा सोडावीच.

तिसरं गेट

टिळकवाडीत आम्ही अक्रॅलिकची आणि एलईडीची अक्षरं करतो. गोल टोकाला माझा पाठिंबा. राउटरचा बिट गोल फिरतो, त्यामुळं आतला कोपरा तो कधीच टोकदार कापू शकत नाही. चौकोनी फॉन्ट दिला की बाहेरचा कोपरा टोकदार आणि आतला गोल असं विसंगत येतं, मग कानशीनं घासत बसायचं. गोल फॉन्टात दोन्हीकडं गोल, काम स्वच्छ. शिवाय आतून दिवा लावला की चौकोनी कोपऱ्यात अंधार राहतो. गोल टोकात उजेड सारखा पसरतो. निऑनसारखी वाकवायची एलईडी पट्टी तर मुळातच गोल टोकाची आणि एका जाडीची.

पण अरुंदपणाला मर्यादा आहे. अक्षराच्या आत एलईडीचं मॉड्यूल बसलं पाहिजे, वायर फिरली पाहिजे. काना फारच बारीक झाला तर मॉड्यूल मावत नाही आणि बाहेरून ठिपके ठिपके दिसतात. म्हणून उजेडाच्या अक्षरासाठी फॉन्ट पाठवताना आधी कान्याची रुंदी मोजून बघा. आणि शिरोरेषा जोडूनच द्या. सुट्या अक्षरांना सुटी शिरोरेषा दिली तर भिंतीवर बसवताना ती एका रेषेत येत नाही.

कोरेलवाला

सगळं पटलं. आता फॉन्टाचं नाव सांगा की, उद्या एक पाटी द्यायची हाय.

अक्षरवेडा

सांगतो. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट काढणाऱ्या संस्थेनं काढलेले दोन फॉन्ट बघा, दोन्ही गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत आणि ओपन फॉन्ट लायसन्समुळं धंद्याच्या कामाला वापरायला मोकळे आहेत.

पहिला बालू २. हा गोल, गुबगुबीत. कन्नडमध्ये त्याचा भाऊ बालू तम्मा २. दोघं एकाच हाताचे, शेजारी ठेवले की मेळ आपोआप बसतो. मिठाई, खेळणी, गणेश मंडळ, वाढदिवस यांना उत्तम. पण त्यात वजन बदलतं, रुंदी बदलत नाही.

दुसऱ्याचं नाव ‘अनेक’, २०२२ चा. यात देवनागरी आणि कन्नड दोन्ही आहेत, आणि रुंदी ७५ पासून १२५ पर्यंत (१०० म्हणजे नेहमीची), वजन १०० पासून ८०० पर्यंत हवं तसं फिरवता येतं. ७५ ला ढकललेलं अक्षर मिळत नाही, त्या रुंदीसाठी काढलेलं मिळतं. याची टोकं मात्र गोल नाहीत. म्हणून पाटीसाठी माझी पद्धत अशी: ‘अनेक देवनागरी’ ८० च्या आसपास रुंदीला घ्यायचा, हवं त्यापेक्षा एक पायरी हलकं वजन. कर्व्ह करायचं (म्हणजे मजकुराची रेखाकृती करायची), मग पूर्ण शब्द वेल्ड करायचा, म्हणजे एकसंध आकारात जोडायचा. वेल्ड झाल्यावरच त्याला त्याच रंगाची बारीक आउटलाइन द्यायची आणि कोपरे गोल निवडायचे. बाहेरची टोकं गोल होतात, आणि आउटलाइनमुळं वाढलेली जाडी हलक्या वजनानं भरून निघते. कन्नडला हीच आउटलाइन, पण रुंदी १००. इंग्रजीला डोसिस लावून बघा, तो मुळातच अरुंद आणि गोल आहे.

वेल्ड आधी का? देवनागरीत प्रत्येक अक्षर आपापला शिरोरेषेचा तुकडा घेऊन येतं. सुट्या तुकड्यांची टोकं गोल केली तर दोन अक्षरांच्या मध्ये शिरोरेषेला खाच पडते. शब्दाच्या सुरुवातीला आणि शेवटीच गोल हवं, मध्ये सलग. गोल टोकांची देवनागरी काढणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न सोडवावा लागतो.

तयार गोल फॉन्टसुद्धा कड ओढून अरुंद करू नका, त्यात दुप्पट नुकसान होतं. अर्धवर्तुळाचं टोक दाबलं की कान्याच्या पायाशी निमुळतं होतं आणि शिरोरेषेच्या टोकाला बोथट. एकाच अक्षरात दोन तऱ्हेची टोकं दिसतात.

खानापूरची बाई

एक भर. फॉन्ट लावल्यावर भाषा मराठी निवडा. ज्या फॉन्टात सोय आहे त्यात मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ तेव्हाच येतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. आणि ‘दुसऱ्या’, ‘कोऱ्या’ मधला अर्धा र नीट येतोय का बघा, तो तुटला तर सगळी पाटी परकी दिसते.

कोरेलवाला

ताई, माझ्या जुन्या कोरेलमध्ये युनिकोड घातलं की जोडाक्षरंच फुटतात.

अक्षरवेडा

जुन्या कोरेलला रुंदी फिरवायची सोयही मिळणार नाही. ‘अनेक’च्या वेगवेगळ्या रुंदीच्या सुट्या फाइलीपण मिळतात, त्यातली ‘कंडेन्स्ड’ किंवा ‘सेमीकंडेन्स्ड’ घे. आणि जोडाक्षरांसाठी इंकस्केपमध्ये मजकूर लिही, तो फुकट आहे आणि देवनागरी, कन्नड दोन्ही बरोबर जोडतो. तिथंच कर्व्ह करून एसव्हीजी फाइल काढ आणि कोरेलमध्ये आण. आउटलाइन देतानाही एक बघ, ती आतल्या बाजूनंपण वाढते, त्यामुळं ‘ध’, ‘भ’, ‘ख’ यांच्या पोकळ्या पुन्हा तपास.

कोरेलवाला

एसव्हीजी काढून आणली, जोडाक्षरं जागेवर हैत. गिऱ्हाईकाला ७५ आणि ८५ अशा दोन रुंदीच्या प्रिंटा काढून समोरच्या दुकानाच्या शटरला चिकटवून दाखवल्या. त्यानं ८५ घेतली, ७५ त ‘भां’चा अनुस्वार वरच्या कन्नडला लागल्यासारखा वाटूलालाय म्हणाला. इंग्लिश जरा लहान करून तेवढी जागा काढली. अक्षरवेडा अण्णा, आउटलाइन किती जाड ठेवायची, सहा इंची अक्षराला?

अक्षरवेडा

कान्याच्या जाडीच्या पाव भागापेक्षा जास्त नको. तुझा काना एक इंच असेल तर पाव इंचाची आउटलाइन, म्हणजे दोन्ही बाजूंना आठवा आठवा हिस्सा वाढेल. त्याच्यावर गेलास तर ‘क्ष्मी’ची गाठ भरायला लागेल. आणि कन्नडला नेमकी तेवढीच दे, नाहीतर दोन लिप्यांची टोकं वेगळी दिसतील.